गुरुजींनी लिहिलं, मला जमलं नाही

मंडळी, जरा पुढं सरकून बसा, मागं वारं लागतंय. सवाल साधा आहे. 'मला येत नाही' एवढं म्हणायला माणसाला किती वर्षं लागावीत? मला छप्पन्न लागली! विठ्ठलाचं नाव रोज घ्यायचो, पण ते आपल्याच देवळाच्या कमानीवर लिहिलंय, हे तेव्हा कुठं कळलं. हसा, हसा. मीही हसलो होतो.

तर ऐका. पाझरवाडीच्या शाळेत ढेंगळे गुरुजी. नोकरी अठ्ठावीस वर्षं. काय शिकवायचं, काय शिकवलं, याचं टाचण रोज लिहायचे. शेवटच्या रकान्यात एकच शब्द — साध्य. पोराला आलं, साध्य. नाही आलं, तरी साध्य! कोण बघतंय?

पण शेजारगावच्या शाळेतल्या फरीदाबाई मुलाणींनी काय केलं? अकरा शाळांचं टाचण मोबाईलवर एका ठिकाणी आणलं. एकानं लिहायचं, सगळ्यांनी वाचायचं, सुचलं तर खाली भर घालायची.

गुरुजी म्हणाले, "बाई, माझी वही बरी आहे."

"वही राहू द्या की. पण तुमचं आम्हाला कधी वाचायला मिळणार?"

असं बोलल्यावर काय करणार? उतरले त्यात, एका बोटानं. आणि तिथंही लिहिलं — साध्य!

तिसरीत होती सगुणा, धनगराची लेक. गुरुजींनी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे मांडले, तरी हातच्याची वजाबाकी काही केल्या येईना. तिचा बाप बिरा शाळेच्या दारात आला.

"गुरुजी, दिवाळी झाली की आम्ही मेंढरं घेऊन खाली जाणार. पोरीला येत असंल तर आजीपाशी ठेवतो. नसंल तर नेतो संगं. खरं सांगा."

खरं सांगा! अठ्ठावीस वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

"आठ दिवस दे," गुरुजी म्हणाले.

टाचण उघडलं. बोट नेहमीच्या शब्दाकडं गेलं — आणि थांबलं. अकरा शाळा वाचणार, केंद्रप्रमुख वाचणार. तरी लिहिलं, 'सगुणाला हातचा कळला नाही. मला शिकवायला जमलं नाही. कुणी सांगेल का?'

दुपारपर्यंत उत्तर नाही. मग एकानं लिहिलं, 'गुरुजी, माझ्या वर्गात चौघांना येत नाही. मीही साध्यच लिहायचो.' दुसऱ्यानं लिहिलं, 'माझ्या वर्गात सहा जणांना.' आता लाजायचं कुणापुढं? आणि फरीदाबाईंनी लिहिलं, 'काड्यांचे गठ्ठे बाजूला ठेवा. तिला वाघर विचारा.' वाघर म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळं.

"सगुणा, बेचाळीस मेंढरं. चार वाघरी, एकेकीत दहा. दोन बाहेर. बाजाराला सात न्यायचीत."

"मग एक वाघर सोडाय लागंल की."

"सोड."

"बारा झाली भायेर. सात गेली, पाच राहिली. अन् तीन वाघरी. पस्तीस!"

आठव्या दिवशी बिरानं दारातून हेच ऐकलं. म्हणाला, "ठेवतो आजीपाशी."

गुरुजी फरीदाबाईंच्या शाळेत गेले, हात जोडले. बाई म्हणाल्या, "मला तरी कुठं ठाऊक होतं? माझ्या वर्गातल्या धनगराच्या पोरानं सांगितलं."

आता सांगा, उपकार कुणाचे? बाईंचे, त्या पोराचे, की ज्यानं पहिल्यांदा 'जमलं नाही' लिहिलं त्याचे? मी म्हणतो, सगळ्यांचे माना, कमी पडणार नाहीत.

आणि तुम्ही? आज घरी गेलात की एकापाशी बसा. सांगा, मला हे येत नाही. बघा कोण धावून येतं. मला माझ्या सुनेनं अक्षर शिकवलं. ती तिकडं खांबापाशी बसली आहे. सासरा मी, तुझे उपकार झाले असं घरात तिला कधी म्हणालो नाही. म्हणून इथून, सगळ्यांसमोर, तिला हात जोडतो.