वाकयीसंगट गेलेली सही

अनुभव घ्या म्हने! आता तुमीच सांगा, साठ वर्सं वाकया शिवू शिवू बोटाची चाळणी झाली, आनखी कोनता अनुभव घेऊ मी? वाकय म्हंजे तुमची थे गोधडी व! त झालं असं, माही नात रागिणी अमरावतीले चित्रकलेच्या कालेजात हाय. विद्यापीठानं अकोल्याच्या एका चादरीच्या कंपनीसंग करार केला... पोरीयनं तिथं जावं, कारागिराजोळ बसावं, हातानं शिकावं, अन् मंग कारागिरानं फारमावर सही केली का मार्क! आता कंपनीत कारागीर कोन? समद्या मशिनी! सायब टाय सावरत म्हने, "हाताचा टाका? तो आम्ही फक्त फोटोत पाहिलाय!"

रागिणी भस्सकन बोलली, "सर, माही आजी हाय न!"

झालं! चांदूर रेल्वेहून मले गाडीत कोंबलं. मी बी माही पांघराची वाकय संगट घेतली, दोन बोटं शिवाची राह्यली होती. बारा दिवस बसलो तिथं. रागिणीच्या वर्गातली गुलनार सोडली त बाकीच्या पोरी सुई अशा धरत, जसा इचू धरला! तरी शिकवलं.

शेवटच्या दिवशी कालेजातल्या मॅडम आल्या. "आजी, पाचच्या आत सही हवी, नाहीतर रागिणीचं वर्ष जाईल." म्या अंगठा पुढं केला. "अंगठा चालत नाही आजी, तज्ज्ञाची सही लागते!" अनुभव घ्या म्हने!

रागिणीच्या डोयात पानी. फारमावर पेन्सिलीनं बारीक नाव काढलं, म्हने, "आजी, गिरव." पेन त हातातून उंदरावानी पये! पन सुई थोडीच पयते? मांडीवर वाकय, वाकयीवर फारम, घेतला लाल दोरा अन् टाकले टाके... सत्यवती! आता वाकय शिवनारीचा हात हाय, टाका आरपारच जाईन न! मॅडमनं फारम उचललं, त मांगं अख्खी वाकय उचलली!

"अहो आजी, उसवा हे!"

"उसवलं त सही जाईन न बाई!"

घड्याळात पावनेपाच. मॅडमनं एकडाव घड्याळाकडं पाह्यलं, एकडाव पोरीकडं... अन् वाकयीची घडी करून गाडीत टाकली.

पोरगी पास झाली. मले बी सर्टिफिकेट भेटलं, इतभर. मी वाकय वापस मांगाले गेलो त कालेजाच्या कचेरीतला बाबू म्हने, "आजी, ते रेकॉर्ड आहे, पाच वर्षं फाईलमधून निघत नाही!"

अनुभव घ्या म्हने! हिवाळा तोंडावर आला... मी काय आता सर्टिफिकेट पांघरू?