सात आणि आठ नंबरमधला बिघाड

मी, शिवणकाम करणारी, वय ४६ वर्षे, शिक्षण दहावी, राहणार वनाच्या कडेची वसाहत, तिसरी ओळ, शेवटचे घर. ठाण्यात आपणहून हजर होऊन सांगते ते असे:

वरील पत्त्यावर मी, माझे पती व माझे वडील असे तिघे राहतो. पती छापखान्यात कामाला आहेत. वडिलांचे वय ७९. ते टेलिफोन खात्यात लाइनमन होते, खांबांवर चढून तारा जोडण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. हल्ली त्यांना विसर पडतो. त्यांना मोबाइल घेऊन दिला आहे, पण तो ते घरीच ठेवून जातात. "तारच नाही, त्याचा भरवसा काय धरायचा?" असे त्यांचे म्हणणे आहे. आमच्या घरामागून वनातली पायवाट सुरू होते. तिच्या कडेच्या झाडांना राखाडी डब्या बांधलेल्या आहेत, एकूण बावीस. त्या विद्यापीठातील एका संशोधकाच्या आहेत. वसाहतीत त्याला सगळे डबीवाला म्हणतात, मीही म्हणते.

दिनांक ४ रोजी मी याच ठाण्यात त्याच्याविरुद्ध तक्रार दिली होती की, या डब्यांतून बायकांचे फोटो काढतात व घरातले बोलणे ऐकतात. ही माहिती कोणी दिली असे विचारल्यावरून सांगते की, कोणीही दिली नाही, मीच तर्क लढवला. तो दर आठवड्याला येऊन झाडाकडे टक लावून उभा राहायचा आणि विचारले तर "काही नाही, सिग्नल बघतोय" एवढेच म्हणायचा. आमच्यासारख्यांना संशय यायला तेवढे पुरते. तक्रारीवरून त्याला दुसऱ्याच दिवशी सर्व डब्या उतरवायला सांगण्यात आले.

दिनांक ५ रोजी सकाळी सव्वादहाच्या सुमारास वडील घराबाहेर पडले. मशीन चालू असल्याने मला दार वाजलेले ऐकू आले नाही. बारा वाजता जेवायला हाक मारली तेव्हा ते घरात नव्हते. मी दुकान, बस थांबा व शेजारची चार घरे पाहिली. नंतर पायवाटेने हाका मारत गेले. ऊन फार होते. पायवाटेला पुढे किती फाटे फुटतात ते मला त्या दिवशी कळले.

पावणेदोनला नऊ नंबरच्या झाडाजवळ डबीवाला शिडीवर दिसला. पिशवीत आधीच्या आठ डब्या होत्या. मला पाहून तो म्हणाला, "काढतोय ताई, संध्याकाळपर्यंत सगळ्या काढतो." मी म्हटले, "डब्या घाला चुलीत, माझे बाबा दिसले का?" तो लगेच खाली उतरला. वडील कधी गेले, कसे चालतात, एवढेच त्याने विचारले. नंतर नऊ नंबरच्या डबीला त्याने आपला लॅपटॉप जोडला.

त्याने मला सांगितले ते मला समजले तसे सांगते. या डब्यांत कॅमेरा नाही, माइकही नाही. त्या मातीतला ओलावा मोजतात आणि दर मिनिटाला शेजारच्या डबीला बिनतारी निरोप देतात, ती पुढच्या डबीला देते. निरोप किती जोरात पोहोचला तेही लिहिले जाते. तो म्हणाला, "माणसाच्या अंगात पाणीच जास्त असतं. दोन डब्यांच्या मध्ये माणूस आला की त्यांना एकमेकींचं नीट ऐकू येत नाही." चौदा आणि पंधरा नंबरमधला निरोप सकाळी दहा चाळीसला बारीक झाला होता, तो अजून बारीकच होता. आधी तो "बॅटरी असेल" म्हणाला. लगेच म्हणाला, "नाही, बॅटरी अशी एकदम जात नाही," आणि पळत सुटला. मी मागून गेले.

दोन वाजून दहा मिनिटांनी वडील तिथेच सापडले. वाटेशेजारच्या कोरड्या चरात, बुंध्याला टेकून बसलेले. पाय मुरगळून सुजला होता व तोंड कोरडे पडले होते. डबीवाल्याने पाणी पाजले. वडिलांनी त्याच्या हातातली वायर पाहून विचारले, "लाइन तुटलीय का?" तो म्हणाला, "तुटली होती काका, जोडली." त्याने वडिलांना पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत आणले. डॉक्टर म्हणाले की, आणखी दोन-तीन तास गेले असते तर काही खरे नव्हते.

त्याने डब्या उतरवायला सकाळी लवकर सुरुवात केली असती, तर चौदा आणि पंधरा वडील तिथे पोहोचण्याआधीच पिशवीत गेल्या असत्या. माझ्याच तक्रारीने माझे वडील गेले असते. त्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. हे मी त्याला सांगितले, इथेही सांगते.

दवाखान्यात बसलो असता मी त्याला विचारले की, तिथे माणूसच आहे, मोडून पडलेली फांदी नाही, हे कशावरून ओळखले. त्याने त्याची नोंदवही उघडली. सात आणि आठ नंबरच्या मध्ये एक बाक आहे. गेले पंधरा महिने रोज संध्याकाळी पाच ते पावणेसहा तिथला निरोप असाच बारीक व्हायचा. त्याला ते यंत्रातला दोष वाटायचे. दोन्ही डब्या त्याने तीनदा बदलल्या, तरी जाईना. शेवटी एकदा पाच वाजता जाऊन पाहिले, तर बाकावर वडील बसलेले. ते रोज तिथे जातात हे मला माहीत नव्हते. पाचला मी कपडे द्यायला गेलेली असते.

त्या वहीत पहिले नऊ महिने रोज 'मोठा बिघाड' अशी नोंद आहे. नंतर एका तारखेला लिहिले आहे, 'बिघाड दूर झाला.' पुढचे आठ दिवस तसेच. मग, 'बिघाड पुन्हा सुरू, पूर्वीच्या निम्मा.'

ती तारीख मला पाठ आहे. त्या दिवशी पहाटे माझी आई झोपेतच वारली. आठ दिवस वडील उंबऱ्याबाहेर पडले नव्हते.

मी त्याला हे सांगितले. त्याने खिशातून पेन काढले. नंतर म्हणाला, चुकीच्या नोंदी तो आता खोडून टाकतो. मी खोडू दिल्या नाहीत. माझे आईवडील नऊ महिने रोज पाऊण तास शेजारी शेजारी बसत होते, हे दुसरीकडे कुठेही लिहिलेले नाही.

हा मजकूर तक्रारीशी संबंधित नाही असे ठाणे अंमलदारांनी सांगितले. तो लिहून घ्यावा अशी मी विनंती केली, त्यांनी घेतला. दिनांक ४ ची माझी तक्रार मी मागे घेते. डब्या होत्या तिथे पुन्हा बांधू द्याव्यात. कोणाच्या दबावाखाली मी हे सांगत नाही.

लिहिलेले सर्व मला सावकाश वाचून दाखवले. मी बोलले तेच त्यात आहे, काही गाळलेले नाही. आईबद्दलचा भाग मी पुन्हा एकदा वाचून घेतला, तोही बरोबर आहे. म्हणून सही करते.