नऊ सांडे कुठे गेले त्याबाबत

मी, नाव ओळखपत्रात आहे ते, पण सगळीकडे मला भिंगरी म्हणतात, वय २३ वर्षे, शिक्षण नववी, तेही तीन शाळांत मिळून, धंदा मिळेल ते काम, सध्या प्राणिसंग्रहालयाच्या सर्पालयात रोजंदारीवर, राहणार मागच्या गल्लीत सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची खोली, समक्ष ठाण्यात हजर राहून सांगतो की, मला कोणी पकडून आणलेले नाही. मी आपण होऊन आलो आहे. दोन दिवस उशिरा आलो आहे, ते पुढे येईलच.

सर्पालयात वाळवंटातल्या प्राण्यांची एक काचेची खोली आहे. तिच्यात नऊ सांडे होते. सांडा म्हणजे वाळवंटातला जाडजूड सरडा, शेपटीवर काट्यांच्या कड्या. पाला खातो, कोणाच्या अध्यात ना मध्यात. बाहेर रानात तो खोल बीळ खणतो आणि आत गेल्यावर तोंड मातीने बुजवून घेतो, दार लावावे तसे. हे मला माहीत आहे, कारण तीन वर्षांपूर्वी मी एका सांडे पकडणाऱ्याबरोबर हंगामभर फिरलो. तेलासाठी पकडतात. त्याच्या आधी मी मिठागरावर होतो, तिथल्या मुकादमाकडे एक बोलका पोपट होता, तो मुकादमाच्याच आवाजात शिव्या द्यायचा. हवालदारसाहेब म्हणाले, "मुद्द्यावर ये. तुझी सहल नको." तर मुद्दा असा. बुजवलेले तोंड दिसले की पहारीने बीळ फोडायचे. पहार मी मारायचो. सांडा हातात आला की पळू नये म्हणून त्याचा कणा मोडायचा. ते पकडणारा करायचा. मी पोते धरायचो. किती पकडले, असे विचारले असता सांगतो की, मोजले नाहीत.

सांड्यांची खोली ज्यांच्याकडे आहे त्या कीपरना मी काका म्हणतो. त्यांची एकोणतीस वर्षे नोकरी झाली, निवृत्तीला तीन महिने आहेत. नऊपैकी सात सांडे त्यांनी इथेच अंड्यातून वाढवले. उरलेले दोन रानातले, छाप्यात सापडलेले. ते दोघे दिवसभर एका कोपऱ्यात खणायचे. वर चार बोटे वाळू, खाली काँक्रीट. नखे झिजून गेलेली. मी म्हटले, "काका, हे वेडे झालेत." काका म्हणाले, "वेडे नाहीत रे. तुझ्यासारखे आहेत. एका जागी बूड टेकवत नाहीत." मी हसलो. पण तो खरवडण्याचा आवाज मला खोलीवर जेवतानासुद्धा ऐकू यायचा.

चावीबाबत सांगतो की, काकांनी ती कोणालाही द्यायची नाही असा नियम आहे. पण खोलीचे मागचे दार जिन्यावर आहे आणि काकांचा गुडघा त्यांना जिना चढू देत नाही. म्हणून सकाळचा पाला घालायला ते मला चावी द्यायचे. पहिल्या दिवशी म्हणाले, "माझी मान तुझ्या खिशात आहे, जरा जपून बसत जा."

सोमवारी प्राणिसंग्रहालय बंद असते. त्या सोमवारी सकाळी साडेसहा वाजता मी कुलूप उघडले, नऊही सांडे उशांच्या अभ्र्यांत घातले, अभ्रे पाल्याच्या टोपलीत ठेवले, पुन्हा कुलूप लावले व चावी काका ठेवतात त्या खिळ्याला अडकवून मागच्या फाटकाने बाहेर पडलो. विकले काय, असे विचारले असता सांगतो की, नाही, सोडायचे होते. कशासाठी, असे विचारले असता, वर पोत्याचे सांगितले आहे.

सव्वासातच्या बसने व पुढे एका ट्रकने मी साडेबाराला वाळवंटात पोचलो. जागा मी ठरवून निवडली होती. तीन वर्षांपूर्वी तिथे बिळेच बिळे होती. काचेत जन्मलेल्यांना खणायची सवय नाही, त्यांना तयार घर मिळेल, असा माझा हिशोब होता. तिथे गेल्यावर दिसले की एकही बीळ शाबूत नाही. सगळी फोडलेली, काठांवर पहारीच्या खुणा. ती आम्हीच फोडली होती. हे आधी लक्षात कसे आले नाही, असे विचारले असता सांगतो की, मला बिळे आठवत होती, फोडलेली नाही.

रानातले दोघे अभ्र्यातून निघाले ते थेट एका झुडपाच्या मुळाशी खणायला लागले. थोड्या वेळाने आतून माती आली आणि तोंड बंद झाले. बाकीचे सात एका सपाट दगडावर जाऊन बसले, काकांनी सकाळी खालच्या बटणाने उबेचा दिवा लावला की बसायचे तसे. काका तो दिवा अकराला बंद करायचे. मी हाताने खड्डे केले. जमीन भाजत होती. एकेकाला आत ठेवले की तो बाहेर येऊन माझ्या चपलेजवळ बसायचा, कारण त्यांच्या लेखी माणूस म्हणजे पाला. बाटलीतले पाणी दगडावर ओतले, ते लगेच सुकले. दोन वाजता परतीचा ट्रक होता. मी तो पकडला. त्यांना परत टोपलीत घालता आले असते काय, असे विचारले असता सांगतो की, आले असते.

बुधवारी मी पुन्हा तिथे गेलो. झुडपाखालचे बीळ आतून बुजवलेले होते. सातांपैकी सहा दगडाच्या कडेला एकावर एक होते. एक सापडला नाही. सहांना मी पुरले, हातभर खोल.

तिथून मी परत न येता पुढच्या गावी ट्रक धुवायच्या कामाला लागलो. गुरुवारी ताईचा, म्हणजे काकांच्या मुलीचा फोन आला. ती म्हणाली, "कुलूप फोडलेलं नाही, म्हणून बाबांना कामावरून घरी बसवलंय. रोज सकाळी ठाण्यात बोलावतात, संध्याकाळी सोडतात. बाबा एकच सांगतात, चावी माझ्याच खिशात होती. तुझं नाव त्यांनी घेतलेलं नाही. आता तू घे." मी शनिवारी, म्हणजे आज आलो. मधे काय अडले होते, असे विचारले असता सांगतो की, काही अडले नव्हते.

आत येताना काका बाहेरच्या बाकावर बसलेले दिसले. चावीचे त्यांनी काही काढले नाही. म्हणाले, "सोडलेस ना रे?" मी म्हटले, "हो काका." म्हणाले, "माझ्या सातांनी खणलं?" मी म्हटले, "सगळ्यांनी. बघता बघता." काका म्हणाले, "मला वाटलंच होतं," आणि शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला म्हणाले, "ऐकलंत?"

काकांना मी जे सांगितले ते खोटे आहे. इथे लिहिले आहे ते खरे आहे. सांडे मी नेले, काकांना त्याची काहीही माहिती नव्हती.

हा जबाब दार लावून, हळू आवाजात वाचावा अशी मी विनंती केली. हवालदारसाहेब म्हणाले, दार लागत नाही, आणि जबाब मोठ्यानेच वाचायचा असतो. त्याप्रमाणे तो पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना बाहेर बाक सरकल्याचा आवाज आला. हवालदारसाहेब थांबले नाहीत. मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. त्यात काही बदलायचे नाही.