तुमच्या मनानं द्या

(नांदेड. समीक्षाचं ब्यूटी पार्लर. संध्याकाळचे साडेपाच, गिऱ्हाईक नसलेली वेळ. तिचा धाकटा भाऊ सुगत नुकताच लातूरहून परत आला आहे.)

समीक्षा : मग, भाव सांगितलास का न्हाई?

सुगत : सांगितला.

समीक्षा : किती?

सुगत : म्हणजे आकडा असा नाही सांगितला. भावना पोचवली.

समीक्षा : सुग्या.

सुगत : मी म्हणालो, "मावशी, तुमच्या मनानं द्या."

समीक्षा : साडेतीन तास एसटीत बसून लातूरला गेलास, आणि "तुमच्या मनानं द्या" म्हणून वापस आलास? असं तर आता बँडवाले पण म्हणत न्हाईत. ते पण आधी सुपारी घेतात.

सुगत : ताई, आकडा पाठ करून निघालो होतो गं. लोह्यापर्यंत सहाशे होता. अहमदपूरला पाचशे झाला. चाकूरला तीनशे. लातूरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा हातात काहीच उरलं नव्हतं.

समीक्षा : बरं, मग त्या बाईनं मनानं काय दिलं?

सुगत : डबा.

समीक्षा : कशाचा?

सुगत : ज्वारीच्या चार भाकरी, शेंगाची चटणी, वांगं. वरून म्हणाली, "एसटीत खा लेकरा, लई वाळलास."

समीक्षा : म्हणजे तुझ्या आठ महिन्यांच्या ॲपची किंमत चार भाकरी.

सुगत : पाच. एक तिथंच खाल्ली.

समीक्षा : हसायलास काय? मला एक सांग. ही तुळजाबाई तुझं ॲप वापरते तरी का?

सुगत : वापरते ना. कोचिंगची साठ पोरं तिच्या मेसमध्ये जेवतात. चार वाजेपर्यंत प्रत्येकानं मोबाईलवर दाबायचं, रात्री जेवायला येणार का, "हाव" किंवा "न्हाई". मावशीला आकडा दिसतो, तेवढाच स्वयंपाक होतो, अन्न वाया...

समीक्षा : ते मला पाठ हाय. आई येईल त्या पाहुण्याला सांगते, आमच्या सुगतनं 'हाव-न्हाई' काढलं. मी इचारायले, ती वापरते का?

सुगत : आज मी तिच्या चुलीजवळ तासभर बसलो. तेवढ्यात नऊ पोरं आली आणि तोंडानं सांगून गेली, "मावशी, आज रात्री येत नाही." मावशी बोटांवर मोजत होती. समोर ॲप उघडं. मी विचारलं, "मावशी, ॲप बरोबर चालतंय ना?" बोटं न थांबवता म्हणाली, "लई भारी हाय."

समीक्षा : आणि तू खूश झालास.

सुगत : अर्धं मिनिट झालो. खोटं कशाला बोलू?

समीक्षा : आठ महिने फुकट काहून दिलंस पण?

सुगत : ठरवलं होतं की आधी वापरू द्यावं. फीडबॅक येऊ द्यावा, त्याप्रमाणे सुधारावं, मग भाव लावावा. इंटरनेटवर सगळे असंच सांगतात.

समीक्षा : आला का फीडबॅक?

सुगत : आला ना. अकरा जणांनी पाच-पाच स्टार दिले.

समीक्षा : त्यातले नऊ आपल्या घरचे.

सुगत : दहा. आत्याचे दोन फोन आहेत. पप्पांनी लिहिलं, "प्रगती करत राहा. जय भीम." आईनं लिहिलं, "छान आहे. वेळेवर जेवत जा." आणि तू तर खाली पार्लरचा नंबर टाकलास.

समीक्षा : दोन नवऱ्या आल्या त्यातून. आणि अकरावा कोण?

सुगत : अकरावा मीच. पण एक अनोळखी माणूसही आहे, बरं का. बारावा. त्यानं एकच स्टार दिला. लिहिलं, "वांग्याची भाजी खारट."

समीक्षा : तू काय उत्तर दिलंस?

सुगत : "आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत. पुढच्या अपडेटमध्ये सुधारणा करू."

समीक्षा : केलीस?

सुगत : मावशीला सांगायची हिंमत झाली नाही.

समीक्षा : अरे देवा. बरं, ते पुण्याच्या नोकरीचं काय? आज सहापर्यंत हो-न्हाई कळवायचंय ना?

सुगत : हो. मेल लिहून ठेवलाय. नुसता पाठवायचा आहे.

समीक्षा : मग पाठव. पगार चांगला हाय. पप्पांची तकलीफ कमी होईल.

सुगत : मला जायचं नाही, ताई.

समीक्षा : हे आज पहिल्यांदा बोललास.

सुगत : तिथं मी कुणाच्या तरी मोठ्या सॉफ्टवेअरमधलं एक बटण निळ्याचं हिरवं करत बसेन. इथं माझं स्वतःचं काहीतरी आहे. वाकडं असेल, पण सगळं मी केलेलं. फक्त एकही परका माणूस त्याला पैसे द्यायला तयार नसेल, तर ते काम नाही, छंद आहे. आणि छंदापायी पप्पांच्या पेन्शनवर आणखी किती दिवस बसू? लाज वाटते आता. तुळजामावशीनं पैसे देऊन घेतलं, तर त्या गल्लीतल्या चौदा मेसवाल्या तिच्याकडं बघून घेतील. तिनं नाही म्हटलं, की मी मेल पाठवतो.

समीक्षा : तिनं न्हाई कुठं म्हटलं? तू इचारलंसच कुठं?

सुगत : तेच.

समीक्षा : फोन लाव.

सुगत : आत्ता?

समीक्षा : थांब, आधी माझ्यासमोर बोलून बघ. मी तुळजाबाई. बोल, किती?

सुगत : मावशी, महिन्याला सहाशे, पण तुम्हाला जर...

समीक्षा : गेले शंभर. परत.

सुगत : मावशी, सहाशे, म्हणजे सुरुवातीला...

समीक्षा : अजून शंभर गेले. चाकूर आलं. अरे, नवरीची आई मला म्हणते, "ताई, साडेचार हजार लई होतात, काही कमी करा." मी काय म्हणते?

सुगत : "चारमध्ये करते, ओठ सोडून देते."

समीक्षा : आणि गप बसते. आजवर एका पण आईनं ओठ सोडले न्हाईत. भाव सांगितला की तोंड बंद. "पण" आला की भाव गेला. लाव आता. स्पीकरवर टाक.

सुगत : वाजतोय. उचलू नये म्हणजे बरं.

तुळजाबाई : हालो? कोन?

सुगत : मावशी, मी सुगत. नांदेडचा.

तुळजाबाई : पोचलास का? खाल्लास का डबा?

सुगत : खाल्ला. मावशी, सकाळी एक बोलायचं राहिलं. ॲपचे महिन्याला सहाशे रुपये होतील.

समीक्षा : (कुजबुजत) हां. आता गप.

सुगत : (कुजबुजत) ती काही बोलेना.

समीक्षा : तू पण नको बोलू.

तुळजाबाई : हालो? कट झाला काय?

सुगत : नाही, आहे मी.

तुळजाबाई : मग बोल की.

सुगत : बोललो ना, मावशी.

तुळजाबाई : सहाशे. म्हयन्याला.

सुगत : हाव.

तुळजाबाई : गॅसच्या टाकीपरीस कमीच हाय की. अरे, मग आट म्हयने का गप बसलास? फुकट हाय म्हनून गल्लीतल्या बाया मला भेवडायल्यात. म्हनतेत, हे पोरगं लेकरांचे नंबर इकत आसंल, न्हाईतर कोन फुकट देतंय? म्या म्हनलं, न्हाई, पोरगं साधं हाय. थोडं येडं हाय, पन साधं हाय.

समीक्षा : बरोबर वळखलंय.

तुळजाबाई : ते कोन बोलायलंय?

सुगत : माझी ताई आहे. मावशी, म्हणजे तुम्ही द्याल?

तुळजाबाई : देते की. पन मग आता म्या बोलनार. राग धरू नको.

सुगत : कशाबद्दल?

तुळजाबाई : तुज्या त्या ॲपाबद्दल. आजपतूर बोलले न्हाई. धर्माच्या गाईचे दात कुनी मोजावं? आता पैसे घेनार म्हनलास, मोजते. लिवून घे.

सुगत : ताई, पेन. बोला मावशी.

तुळजाबाई : पयलं. तू डोकी मोजतोस. डोकी जेवतेत व्हय? ते उदगीरचं पोरगं एकटं सहा भाकरी खातंय. निलंग्याची साक्षी दीड खाती. तुज्या फोनात दोगं सारकेच. म्या पीट मळायचं ते डोक्याचं का पोटाचं?

सुगत : हे... हे माझ्या लक्षातच आलं नाही.

तुळजाबाई : दुसरं. त्या फोटूतल्या ताटात पनीर हाय. आमच्यात पनीर कदी आसतंय? रोज एक लेकरू इचारतंय, मावशी, पनीर कवा?

समीक्षा : पनीर टाकलंस?

सुगत : इंटरनेटवर तोच फोटो फुकट होता.

तुळजाबाई : आता तिसरं, हे नीट ऐक. तुज्या फोनात मला दिसतंय, आज चवेचाळीस "हाव", सात "न्हाई", नऊ तोंडानं सांगून गेले. बरूबर?

सुगत : बरोबर. म्हणजे चव्वेचाळीस जणांचा स्वयंपाक.

तुळजाबाई : चवेचाळिसाचं माझं मी बगते. इतकी वरसं काय तुला इचारून रांदत व्हते? मला ते सात सांग. सात म्हंजे कोन? तू आकडाच दावतोस, नाव न्हाई.

सुगत : नावं तुम्हाला कशाला हवीत, मावशी? जे येणार नाहीत, त्यांच्यासाठी करायचंच नाही काही.

तुळजाबाई : आरं, काल टेस्टचे मार्क लागलेत. मार्क कमी आले की लेकरं जेवत न्हाईत. खोलीची कडी लावून पडतेत. आदी ती समोर येऊन सांगायची, मावशी, आज नको. मला तोंड बगून कळायचं. ह्याला गावाकडं जायचंय, का ह्याचं काय बिनसलंय. आता निम्मी लेकरं तुज्या फोनात "न्हाई" दाबतेत अन् मला तोंडच दिसंना. सकाळी तुज्यासमोर जी आली, त्यायची मला चिंता न्हाई. जी आली न्हाईत, त्यायची हाय.

सुगत : मावशी...

तुळजाबाई : मागल्या म्हयन्यात एक लेकरू तीन दिस जेवलं न्हाई. तुज्या फोनात रोज एक "न्हाई" वाडत व्हतं. मला वाटलं, कोनी गावाला गेलं आसंल. चवथ्या दिशी घरमालकानं सांगितलं तवा त्याच्या खोलीवर गेले. सलाईन लावावं लागलं. आता बरं हाय. पन त्या दिवसापसून म्या बोटावर मोजते.

समीक्षा : सुग्या, पाणी पी.

सुगत : मावशी, हे तुम्ही मला सांगितलं का नाही?

तुळजाबाई : फुकट करायलास म्हनून. इतका लांबून येतोस, हसतोस, तुला काय बोलावं?

सुगत : नावं माझ्याकडं आहेत. पहिल्या दिवसापासून आहेत. फक्त तुम्हाला दाखवली नाहीत. मला वाटलं, आकडा पुरे. चुकलं माझं.

तुळजाबाई : चुकलं तर चुकलं. आता कदी दावशील?

समीक्षा : सहाला पाच कमी हाय, सुग्या. तो पुण्याचा मेल.

सुगत : थांब ताई, लॅपटॉप दे इकडं. मावशी, ॲपमध्ये यायला दोन दिवस लागतील. पण आजची नावं मी आत्ता वाचून दाखवतो. फोन ठेवू नका. सलग दुसऱ्या दिवशी "न्हाई" आहे, अशी दोघं दिसतायत.

तुळजाबाई : वाच. चप्पल घालूनच हाय म्या.