फोटोतली सूचना

पनवेल स्टँडवर गव्हाणच्या बसच्या रांगेत निर्मलाबाईंच्या पुढे सासू-सून उभ्या होत्या. सासूला वाचता येत नव्हतं, सुनेला दिसत नव्हतं. फोन तिला सगळं वाचून दाखवायचा.

“अंकिता, आपल्या भाविकाच्या पहिलीच्या प्रवेशाचं गव्हाणच्या शाळेनं काय लिवलंय?”

“वेबसाइटवर फोन नुसता ‘इमेज’ बोलतोय, आई. कागदाचा फोटो टाकलाय वाटतं.”

“मंग फोटो वाच म्हनावं.”

“त्याला येत नाय.”

“आमच्या वेळी शिपाई घरोघर सांगत यायचा,” निर्मलाबाई म्हणाल्या. “आण, मी वाचते. ‘अर्ज मंगळवारपर्यंतच स्वीकारले जातील.’”

“मंगळवार काल झाला. मी कालपन ऐकलेलं. कालपन इमेजच बोलला.”

“मंग आपलं चुकलं कुठं?” सासूने निर्मलाबाईंना विचारलं. “बस तर आली. आता अर्ज द्यायला चढायचं का नाय?”