दोरा तोडायचा दात

नाही हो, दुखत नाही म्हणाले डॉक्टर — एवढ्याशा कामाला सुईसुद्धा टोचत नाहीत म्हणे. तुम्ही नीट बसा ना, माझ्या पिशवीची अडचण होतेय का? घेते इकडे. तर हा बघा — वरचा, मधला. दिसली खाच? तीस वर्षं दोरा तोडतेय ह्या दातानं. शिवणकामाचं दुकान माझं. कात्री? असते की कात्री, गळ्यातच लटकलेली असते! पण दोन्ही हात कापडात गुंतलेले, मग तोंड पुढं करायचं, कट्, झालं. आता चीर गेलीय वर. गार पाणी लागलं की कळ मस्तकात जाते. डॉक्टर म्हणाले, भरून घेतला नाही तर दोन महिन्यांत अर्धा दात हातात येईल. हातात!

आणि भरणार कशानं, तर दाताच्याच रंगाच्या मसाल्यानं. गेल्या खेपेला पट्टीच काढली त्यांनी, नुसते दातच दात — सोळा रंगांचे! दिव्याखाली धरून म्हणाले, हा जुळतो. म्हटलं, डॉक्टर, खिडकीशी चला. दिव्याखाली दोरा जुळवला आणि उन्हात सगळी शिलाई उठून दिसली, असं झालंय माझं एका कोटाचं. आले बिचारे उठून! आणि निघालाच तो रंग जरा पिवळा. मग दुसरा काढला. म्हणाले, आता कळणारसुद्धा नाही खाच होती म्हणून. — किती वाजले? आतलं माणूस झोपलं की काय खुर्चीत!

कळणार नाही, हीच तर... काही नाही. आई आहे माझी घरी. चौऱ्याऐंशीची. माणसं ओळखत नाही आता. भावाला पोस्टमन समजते — तोही शहाणा, रोज एक पाकीट नेऊन देतो! पण मी हसले ना, की तिची नजर दातावर जाते आणि कडाडते, 'किती वेळा सांगितलं, दोरा दातानं तोडू नकोस! कात्री काय शोभेला दिलीय?' रोज. शिवायला शिकले तेव्हापासून हेच ऐकतेय. पूर्वी वैताग यायचा. आता मुद्दाम हसते तिच्यासमोर — कुणाला सांगू नका.

काल काय बुद्धी झाली, दोऱ्याला लावतो ते पांढरं मेण घेतलं, खाचेत भरलं, बोटानं गुळगुळीत केलं. आरशात बघितलं — झकास! तशीच गेले तिच्यापुढं आणि हसले. तिनं पाय आवरून घेतले, पलंगावर जागा करून दिली. म्हणाली, 'बसा ना. मुलगी येईलच माझी दुकानातून, तिच्याकडेच आला असाल तुम्ही.'

मला 'बसा' म्हणाली हो, आई. — मेण? काढलं ना, नखानं खरवडून, तिथंच, तिच्यासमोर. मग शिव्या घातल्या तिनं. बरं वाटलं.

आले, आले! — नाही, तुम्ही जा. ठाऊक आहे मला माझा नंबर आहे ते. घाबरले-बिबरले नाही. दात तर वाचवायचाच आहे, पण खाच तेवढी ठेवून भरता येतं का, हे कसं विचारू त्यांना — हसताय काय! जा म्हणतेय ना. जा तुम्ही.