सर्वांत जड माणूस पुढे

नाही, मला सांगा, वाळवंटात माणूस कशाने मरतो? तहानेने. शाळेत हेच शिकवलं ना आपल्याला? म्हणून मी दोन दिवसांसाठी बावीस बाटल्या पाणी घेतलं, तर मेहुणा दात काढतोय, "दाजी, तिथे एवढा पाऊस झालाय की लोक होड्या शोधतायत." हे कधी सांगतोय, तर गाडी सुटल्यावर. आणि बायकोला फुलं बघायचीत. असा पाऊस तीस वर्षांतून एकदा पडतो म्हणे, मग वाळूतून फुलं येतात, "अहो, पुढच्या वेळी आपण असू का?" तुम्हाला सांगतो, मला याच वेळेची खात्री नव्हती.

सकाळी तिथे भाड्याने घेतलेल्या जीपच्या ड्रायव्हरने गाडी थांबवली. समोर सपाट माळ, पार पलीकडे जांभळी रेघ, तीच फुलं. त्याने आम्हा तिघांना कलिंगडं निवडावीत तसं न्याहाळलं आणि मला म्हणाला, "साहेब, उतरा." का? "पावसानंतर इथली रीत आहे. सर्वांत जड माणूस पुढे चालतो. तो रुतला नाही, तर गाडी रुतत नाही." अरे, गाडी दोन टनांची, मी चौऱ्याण्णव किलो, हे कुठलं शास्त्र? "गाडीला चार चाकं आहेत साहेब. तुम्हाला दोनच पाय."

हातात काठी, मागे घुरघुरणारी गाडी, खिडकीतून मेहुण्याचा मोबाइल, "दाजी, जरा डावीकडे, उजेड छान आहे." पाऊल टाकलं की कर्र... कर्र... आणि एकदा कर्र आलंच नाही. आधी गुडघा, मग दुसरा, मग कंबर. वाळवंटात माणूस तहानेने मरतो म्हणे! खाली पायच टेकेना हो. घाबरलो, सरळ सांगतो. आणि मागून बायको ओरडली, "हलू नकोस रे... हलू नकोस." सव्वीस वर्षांत ती मला एकदाही अरे म्हणाली नव्हती. तेव्हा कळलं, आपलं काही खरं नाही. ती चपला टाकून माझ्याकडे धावतेय, मेहुण्याने तिला कसंबसं धरलंय, आणि हा ड्रायव्हर शांतपणे, "आडवे व्हा साहेब. गादीवर झोपता तसे." झोपलो. त्याने दोरी टाकली, गाडी मागे घेतली, मी बाहेर आलो. पँट आतच राहिली. बायको आधी रडली, मग शर्टाचं बटण तुटलं म्हणून रागावली. ड्रायव्हरने खड्ड्यात काठी रोवली. "इथून नको. उजवीकडून जाऊ."

फुलं? बघितली की. टॉवेल गुंडाळून बघितली. छान होती.

परत निघताना मी सगळ्यांत आधी गाडीत शिरलो, दार ओढून घेतलं, म्हटलं आता मेहुण्याची पाळी. तर ड्रायव्हर दार उघडून उभा. आलो ती वाट म्हणे चाकांनी उखडली, नवी शोधायला हवी. अरे बाबा, मग याला उतरव ना, हा काय कमी जड आहे?

"त्यांना नाही जमायचं साहेब," तो म्हणाला. "तुम्हाला रुतायचा अनुभव आहे."

काय करणार... उतरलो.